पुढच्या वर्षी बघू, वहिनी

मी एकदा वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीतल्या बायकांची अख्खी भिशी उचलून माझ्या दिराच्या लोखंड ठोकणाऱ्या कंपनीत घातली होती. भिशी म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे टाकायचे, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिनं सगळी रक्कम घरी न्यायची. त्या भिशीची मी मुख्य होते आणि माझी ठाम समजूत अशी, की कंपनीचे शेअर म्हणजे मोठी भिशीच. फरक एवढाच की तिथे चिठ्ठी काढत नाहीत, दर दसऱ्याला सगळ्यांचंच नाव निघतं. "बँकेच्या दुप्पट घरबसल्या येतील," असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं. एकीनं विचारलं, "असं कुठे लिहिलंय का गं?" तर मी म्हणाले, "लिहायला कशाला हवं, सख्खा दीर आहे माझा." ती तेव्हाची कुसुम मला आज खोपटच्या एस.टी. स्टँडवर भेटली तर मी तिच्या पाठीत असा धपाटा घालीन, की तिची नायलॉनची साडी आणि तिचा अंबाडा दोन्ही सुटतील. बिनडोक बाई. डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, हा शब्द तिला धड उच्चारता येत नव्हता, आणि तो मिळवून द्यायची हमी तिनं साऱ्या वसाहतीला देऊन टाकली होती.

ज्यांच्याकडून तो मिळणार होता ते माझे दीर, मनोहर भाऊजी, जाऊन आता काही आठवडे झाले. फोन प्रशांतचा आला. प्रशांत म्हणजे माझी शेजारीण आणि मैत्रीण उषा कांबळे हिचा मुलगा, भाऊजींच्याच कारखान्यात सुपरवायझर. "काकू, साहेब गेले," एवढंच म्हणाला, आणि त्याच्या मागे घणाचा आवाज ऐकू येत राहिला... धाड, धाड. मी म्हटलं, "अरे, कारखाना चालू ठेवलाय?" तर म्हणतो, "भट्टी तापलेली होती काकू. साहेबांनी बंद करू दिली असती का?" नसती दिली. त्या माणसानं हॉस्पिटलातही शेवटपर्यंत मारामारीच केली. नाकातली नळी उपटली, सलाइनचा स्टँड वॉर्डबॉयच्या नडगीवर हाणला, एका नर्सला चावायला गेले, तेव्हा कुठे त्यांची मनगटं पलंगाच्या दांड्यांना बांधली. मी भेटायला गेले तर बांधलेल्या मुठी नुसत्या आवळत होते, उघडत होते. म्हटलं, आता रडत बसण्यापेक्षा नेहमीचं बोलावं. कानाशी वाकून म्हणाले, "भाऊजी, आता तरी डिव्हिडंड द्या." तोंडावरच्या मास्कवर वाफ धरली. आतून आवाज आला, "पुढच्या वर्षी... बघू, वहिनी." आमचं शेवटचं बोलणं ते. चाळीसेक वर्षं आम्ही दोघं हेच बोलत आलो होतो.

त्यांची कंपनी डोंबिवलीच्या एमआयडीसीत. पत्र्याची मोठी शेड, आत भट्टी, आणि मधोमध तो यंत्राचा घण. लाल झालेलं लोखंड चिमट्यात धरून माणसं त्याच्याखाली सरकवायची आणि वरून काही टनांचं वजन कोसळायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन्ही कानांवर हात दाबून धरले. ठिणग्या उडून माणसांच्या हातांवर पडायच्या, माणसं त्या माशीसारख्या झटकायची. जमीन हादरायची, दात हादरायचे. भाऊजी मात्र देवळात उभं राहावं तसे उभे. म्हणाले, "वहिनी, लोखंडाला प्रेमानं सांगून ते वळत नाही." स्वभावही तोच. चिडले की समोरच्या टेबलावर मूठ आपटायची, त्यात दोन टेबलं मोडली होती. बँकेनं सुरुवातीला दारात उभं केलं नाही म्हणून नात्यातल्या, ओळखीतल्या माणसांकडून पैसे घेऊन कंपनी उभी केली, आणि त्या बदल्यात शेअर दिले. छोटी कंपनी. तिचे शेअर बाजारात जाऊन विकता येत नाहीत. घेणारा आपणच शोधायचा, आणि घेणारा म्हणतो, हिचा डिव्हिडंड मिळत नाही, मग कशाला घेऊ. हे सगळं मला नंतर कळलं. पैसे घालताना मी फक्त भट्टीचा उजेड पाहिला आणि म्हटलं, एवढी धग आहे म्हणजे पैसाही असणारच.

पहिली काही वर्षं नवरात्राच्या आगेमागे सभेचं बोलावणं यायचं. सभा शेडमध्येच, मांडववाल्याच्या खुर्च्या मांडून. चहा, पेढा, आणि प्रत्येक भागधारकाला कारखान्यात घडवलेली एक भक्कम सांडशी. डिव्हिडंड नाही. वसाहतीतल्या प्रत्येक घरात सांडश्यांची चळत झाली. बायका मला जिन्यात गाठून विचारू लागल्या, "काय गं कुसुम, यंदा तरी पातेलं मिळेल का, सांडशीनं धरायला?" एका वर्षी मी वैतागले. सगळ्यांना घेऊन निघाले. आधी टेंभी नाक्याच्या देवीला गेलो. उषा बौद्ध, ती काही आत येणार नाही. बाहेर उभी राहून म्हणाली, "मी चपला सांभाळते, तुम्ही देवीला सांभाळा. दोन्हीकडे चोरी होऊ नये." मग खोपटहून एस.टी. पकडली. गाडीवर कंडक्टर उषाचा नवरा, त्यानं बायकोलासुद्धा तिकीट काढायला लावलं.

कारखान्यात पोचलो तर दाराशी एक पांढरी गाडी, बॉनेटवर झेंडूचा हार, कुंकवाची स्वस्तिकं. कंपनीची गाडी, भाऊजींच्या दिमतीला. आमच्या वाट्याला सांडशी आणि ह्यांना गाडी. माझ्या हातात देवीच्या प्रसादाचा नारळ होता. कसा सुटला ते मला आजही सांगता येणार नाही. समोरच्या काचेला मधोमध लागला, आणि काचेवर जाळं पसरावं तसा तडा गेला. सगळ्या बायका गार. शेडमधून भाऊजी बाहेर आले. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. एका कामगाराच्या हातातला घण घेतला आणि एका घावात ती काच आत पाडली. दुसऱ्या घावात बाजूची. "फोडायची तर नीट फोडा, वहिनी," म्हणाले, "अर्धवट काम ह्या कारखान्यात चालत नाही." काचेचे तुकडे त्यांच्या तळहातात घुसले होते, रक्त कोपरापर्यंत आलं होतं. पायरीवर बसले, गाडीवरचा हार ओढून झेंडू झाडले, त्याच्याच दोऱ्यानं रुमाल हाताला बांधला, आणि त्या अवस्थेत आम्हाला डिव्हिडंड का देत नाही ते समजावलं.

ते समजावणं मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की झोपेत म्हणून दाखवीन. नफा झाला म्हणजे पेटीत पैसे आले असं नसतं. माल गेला, बिल झालं, म्हणून नफा कागदावर दिसतो. गिऱ्हाईक पैसे देणार सहा-सहा महिन्यांनी, आणि लोखंडवाला मागणार आज. त्यात साचे झिजतात, भट्टीच्या विटा झडतात. बँकेनं पुढे कर्ज दिलं तर आधी लिहून घेतलं, की आमचे हप्ते फिटेपर्यंत भागधारकांना काही वाटायचं नाही. आणि एवढं करून उरलंच, तर ते वाटून टाकलं की प्रत्येकीच्या घरी एक साडी येईल. तेच आत ठेवलं तर नवं यंत्र येईल, जास्त माल निघेल, कंपनी वाढेल, म्हणजे तुमचाच हिस्सा वाढेल. "वहिनी, तुम्ही सगळं दही खाऊन टाकता का? विरजणाला चमचाभर ठेवता ना?" मी म्हणाले, "ठेवते. पण विरजणाचं दुसऱ्या दिवशी दही होतं, भाऊजी. तुमच्याकडे आम्ही वर्षानुवर्षं विरजणच बघतोय." बायका हसल्या. ते नाही हसले. "आणि गाडी?" उषानं मागून विचारलं. "तिचं विरजण नाही लागलं?" रक्ताचा हात मांडीवर ठेवून म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष आलं ते वाईट आलं. घणाखालून निघालेल्या तुकड्याची कड कापायला एक जुनी प्रेस होती, पायानं पेडल दाबलं की वरचा धारेचा दाता खाली येई. हात आत, पाय पेडलवर, आणि मधे फक्त माणसाचं लक्ष. बळीराम नावाचा एमआयडीसीला लागून असलेल्या गावातला आगरी मुलगा त्यावर काम करत असे. एका दुपारी त्याचा पाय आधी गेला आणि हात नंतर निघाला. उजव्या हाताची चार बोटं त्या कडेबरोबर खालच्या पिंपात पडली. भाऊजींनी ती स्वतः शोधून काढली, रुमालात घेऊन गाडीत बसले. जोडता आली नाहीत. त्याच संध्याकाळी गाव कारखान्यावर चालून आलं. सळया, दांडके, जे हाताला लागेल ते. ऑफिसचं कपाट उलटलं, फोन भट्टीत टाकला, भाऊजींना शेडभर फरपटत नेलं. बरगड्या मोडल्या, डोकं फुटलं. कुणीतरी मधे पडून पैशांचं बोलू लागलं, तेव्हा बळीरामचा म्हातारा बाप म्हणाला, "मना पैसं नको. माज्या पोराचा हात दे." त्यावर सगळे थांबले म्हणतात. भाऊजी पोलिसात गेले नाहीत. चांगुलपणानं नव्हे. पोलीस आले असते तर त्या जुन्या प्रेसबद्दल त्यांनीही चार प्रश्न विचारले असते, आणि ती बदलायला हवी हे भाऊजींना दोन वर्षांपासून ठाऊक होतं. बळीरामला विम्याची भरपाई मिळाली, गेटवर नोकरी मिळाली. त्यानं ती केली, पण भाऊजींना त्यानं पुढे कधी सलाम केला नाही.

आणि गंमत बघा... हिला गंमत म्हणवत नाही खरं तर... ते वर्ष कंपनीचं सगळ्यात नफ्याचं. त्याच वर्षी उषाच्या प्रशांतला इंजिनीअरिंगला खासगी कॉलेजात प्रवेश मिळत होता. फी भरायला तिच्याकडे तेच पैसे होते, जे तिनं माझ्या शब्दावर शेअरमध्ये घातले होते. सभेच्या आधी ती माझ्याकडे आली. आरडाओरडा नाही, काही नाही. म्हणाली, "कुसुम, तू सांगितलंस म्हणून घातले. आता तूच काढून दे." मी म्हटलं, यंदा नक्की. पुन्हा छातीवर हात ठेवून. सवयच ती.

सभेला भाऊजी डोक्याला पट्टी, छातीला पट्टा बांधून आले होते. बसता येईना म्हणून उभेच. नफ्याचा आकडा वाचला आणि पुढे वाचलं, डिव्हिडंड नाही.

उषा उठून थेट त्यांच्यापुढे गेली. "नफा झालाय ना?"

"झालाय, उषाताई."

"मग द्या."

"तो नव्या प्रेसला जाणार. दोन बटणांची आहे. दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय दाता खालीच येत नाही. हात आत राहणं शक्यच नाही."

"माझ्या मुलाच्या फीचं काय?"

"पुढच्या वर्षी..."

पुढचा शब्द तिनं निघू दिला नाही. शर्टाची कॉलर धरली आणि कानाखाली अशी दिली की डोक्याची पट्टी डोळ्यांवर आली. मग सगळंच उसळलं. आमच्या नात्यातल्या एका काकांनी खुर्ची फेकली, कुणी ती परत फेकली. माझे यजमान मधे पडायला गेले आणि त्यांचा ओठ फाटला. बिचारे कुणाच्याच बाजूनं नव्हते. मी काय केलं? मी "अगं उषा, अगं उषा" म्हणत तिच्या पदराला लोंबकळत होते, आणि ती मला वासरासारखी ओढत नेत होती. भाऊजींनी पट्टी वर सरकवली, खाली पडलेला चष्मा उचलला आणि कारकुनाला म्हणाले, "सभा चालू आहे. मारल्याचं लिहू नका. डिव्हिडंड नाही, एवढं लिहा." ती गाडी मात्र त्यांनी त्याच महिन्यात विकली आणि ते पैसेही प्रेसमध्ये घातले. काचा एकदा फुटलेल्या म्हणून स्वस्तात गेली. म्हणजे तिथेही आम्हा भागधारकांचं नुकसान मीच केलेलं होतं.

परतीच्या एस.टी.त उषा खिडकीकडे तोंड करून बसली. "माझ्याशी बोलू नकोस," म्हणाली, आणि मग खरंच बोलली नाही. समोरासमोरची दारं, एक जिना, एक नळ, आणि वर्षानुवर्षं शब्द नाही. बाकीच्या बायकांनी मिळेल त्या भावात शेअर आमच्याच एका नातेवाइकाला विकले आणि मला शिव्या घालून विषय संपवला. उषानं विकले नाहीत. का, ते तिच्या नवऱ्यानं माझ्या यजमानांना सांगितलं, "ती म्हणते, विकले तर भांडायला जाता येणार नाही." खरंच ती दर वर्षी सभेला एकटी जायची. चहा घ्यायची नाही, सांडशी घ्यायची नाही. आधी शेडभर फिरून बघायची, काय नवं आलंय, काय बदललंय. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझा पैसा कुठे ठेवलाय ते बघतेय." मग सभेत उभी राहून मागायची. नाही म्हटलं की घरी यायची.

प्रशांत इंजिनीअरिंगला गेलाच नाही. आयटीआय केलं, आणि आईला न सांगता भाऊजींच्या दारात उभा राहिला. "आईचे शेअर आहेत. मला कामावर घ्या," म्हणाला. त्यांनी घेतलं आणि बसवलं कुठे, तर त्या दोन बटणांच्या प्रेसवर. उषाला कळलं तेव्हा ती माझ्याशी बोलत नव्हती, म्हणून जिन्यातल्या भिंतीशी बोलली, मला ऐकू जाईल अशा बेतानं. "माझ्या पैशांचं यंत्र आणलं, आणि त्याच्या तोंडात माझाच मुलगा दिला." दाराआड उभी राहून मी ते ऐकलं. त्यानंतर कितीतरी महिने प्रशांत संध्याकाळी जिना चढू लागला की मी फटीतून आधी त्याचे हात बघायची. समोरच्या दाराच्या फटीतून तीही तेच बघत असणार.

मग तो दिवस. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी कारखान्यात गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. जितके तुकडे जास्त कापाल तितके वरचे पैसे, अशी तिथे पद्धत. आणि दोन्ही हात बटणांवर ठेवायचे म्हणजे वेळ जातो. तेव्हा पोरांनी युक्ती काढली होती. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून एक बटण कायमचं दाबून बांधून टाकायचं. मग एक हात तुकडे सरकवायला मोकळा. त्या दिवशी प्रशांतनं बांधलं होतं. भाऊजी माझ्याशी बोलत येत होते. "जेवणात जिलबी ठेवा, वहिनी, श्रीखंडानं झोप..." त्यांना ती काळी पट्टी दिसली. धावत जाऊन मेन स्विच पाडला. पट्टी खेचून काढली आणि त्याच पट्टीनं प्रशांतला फोडायला सुरुवात केली. तोंडावर, मानेवर, हातांवर. तो खाली पडला तर कॉलरला धरून उभा केला आणि परत. नाकातून रक्त आलं तरी थांबेनात. मी ओरडले, कुणी पुढे येईना. शिव्या अशा, की ज्या पुरवणीसाठी हे लिहितेय तिच्यात छापता येणार नाहीत. शेवटी धाप लागली तेव्हा त्याचे दोन्ही पंजे पकडून त्या दोन बटणांवर दाबून धरले. "हे बटण तुझ्या आईच्या पैशांचं आहे. तुझ्या फीचं आहे. हे दाबायचं. बांधायचं नाही." आणि ती पट्टी भट्टीत फेकली. रबर जळल्याचा वास अजून माझ्या नाकात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उषा गेटवर. मीही मागोमाग गेले. म्हटलं, आज खून पडेल आणि भिशीच्या हिशेबात तोही माझ्याच नावावर येईल. बळीरामनं गेट उघडून तिला आत सोडलं, जरा आनंदानंच. भाऊजी बाहेर आले तशी तिनं पायातली चप्पल काढून दोन सणसणीत दिल्या. त्यांनी हात वर केला नाही. म्हणाले, "आधी ह्याला विचारा काय केलं ते." प्रशांत सुजलेल्या तोंडानं उभा. खाली बघत सांगितलं सगळं, पट्टीचं, बटणाचं. उषा ऐकत राहिली. गेटवर उभ्या बळीरामच्या हाताकडे तिनं एकदा बघितलं. मग वळली आणि प्रशांतच्या थोबाडीत अशी ठेवून दिली, की कालचं नाक पुन्हा वाहू लागलं. आणि भाऊजींना म्हणाली, "त्याला मारायचा हक्क माझा. तुम्ही डिव्हिडंडचं बघा." मी तोंड उघडं टाकून उभी. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय बघत बसलीस, पाणी आण पोराला." इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य. मी धावले. पाणी आणताना रडत होते की हसत होते, ते तेव्हाही कळलं नव्हतं.

आता माझी नात मोबाइलवर शेअर घेते-विकते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आजी, मोठमोठ्या कंपन्या असंच करतात. वाटत नाहीत, वाढवतात. तुझे दीर बरोबर होते." मी म्हटलं, बाळे, एवढं सोपं नाही ते. "पैसा आत ठेवतोय, उद्या तुमचंच भलं होईल" हे वाक्य सचोटीचा माणूस जसं बोलतो, तसंच्या तसं लुटारूही बोलतो. शब्दांत फरक नसतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आत जाऊन बघावं लागतं, पैसा कुठे उभा आहे ते. भाऊजी लुटारू नव्हते. पण संत तर अजिबात नव्हते. गाडी घेतली ती घेतलीच. जुनी प्रेस दोन वर्षं ओढली ती ओढलीच. स्वतःला दर महिन्याला पगार होता, म्हणून डिव्हिडंडवाचून त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते उषाचं. आणि वाटून टाकलेला पैसा परत बोलावता येत नाही ह्याची त्या माणसाला अशी धास्ती होती, की पुढे बँकेचं कर्ज फिटलं, दुसरी शेड झाली, तरी हात सुटला नाही. मागणाऱ्याला नाही म्हणण्याचीच त्यांना चटक लागली होती, असं मला आता वाटतं. हे त्यांच्या तोंडावर मी म्हटलेलं आहे, तेव्हा मेल्यावर लिहायला हरकत नाही.

स्मशानात बळीराम आला होता. केस पांढरे, उजवा हात खिशात. मी म्हटलं, "आलास रे, बरं केलंस." तर म्हणाला, "खात्री करायला आलोय, काकू." मग बराच वेळ, चिता खाली बसेपर्यंत, तिथेच उभा होता.

परवा उषाकडे गेले. आमची जुनी वसाहत पाडून आता तिथे टॉवर उभे आहेत. ती अकराव्या मजल्यावर, मी सातव्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती खुर्चीत मान मागे टाकून बसलेली असते, प्रशांत डोळ्यांत थेंब टाकतो. तेच चाललं होतं. एका हातानं त्यानं तिची पापणी वर धरली होती, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत ती एवढीशी बाटली. इतकं अलगद, की त्याच हातांनी तो तीस-पस्तीस वर्षं लोखंड कापत आलाय हे खरं वाटू नये. मला आयतंच सापडलं. गेले काही दिवस जे मनात जुळवत होते, ते बोलायची वेळ हीच. म्हटलं, भाऊजींचं एवढं एक देणं तरी आज फेडून टाकू, आणि माझंही. गळा साफ केला आणि तोच तो जुना हात छातीवर ठेवून म्हणाले, "उषा, मी त्या वेळी शब्द दिला होता. तो खोटा नाही पडला बघ. प्रशांतचे हे दोन हात शाबूत आहेत ना... हाच आपला डिव्हिडंड समज."

प्रशांतनं बाटलीचं झाकण लावलं आणि आत निघून गेला. उषा डोळे मिटूनच बसली होती. थेंब मुरेपर्यंत उघडायचे नसतात. दोन्ही गालांवरून औषध ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही. मला वाटलं, आता ही हो म्हणेल.

"दहाच्या दहा बोटं मी देऊनच त्याला तिकडे पाठवला होता, कुसुम. ती परत आली, ते माझं मुद्दल. डिव्हिडंड अजून बाकी आहे."